मांड

एक्कावन्नाव्या वर्षी घोड्यावर बसायचंय म्हटल्यावर
जाऊबाई म्हणाल्या, बुढी घोडी लाल लगाम.
मी हसले. मग रात्री ताटं विसळताना
ते हसू पुसून टाकलं.

नाशिकरोडच्या छापखान्यात एकोणतीस वर्षं
माझं काम कोऱ्या नोटांतला दोष हुडकणं:
शाईचा ठिपका, सरकलेली रेघ,
अर्ध्या केसाएवढी चूक.
त्याच नजरेनं निघाले गुरू शोधायला.

गंगापूर रोडच्या पहिल्याचे बूट फार चकचकीत होते.
तंग आवळायच्या आधी त्यानं फोटो काढला,
म्हणाला, हसा मॅडम, महिन्याभरात भरधाव.
घोड्याच्या जिवणीच्या कोपऱ्यात मात्र
वाळलेलं रक्त होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं.
भरलेले पैसे मी परत मागितले नाहीत.

मखमलाबादकडचा दुसरा ओरडायचा.
टाच खाली! पाठ! अहो, पाठ!
त्याच्या आवाजानं द्राक्षबागेतले बुलबुल उडायचे
आणि मला सातवीतला गणिताचा तास आठवायचा.
पाचव्या दिवशी मी गेलेच नाही.
नवरा एवढंच म्हणाला,
घोडं पेंड खातंय कुठं?

मग चार महिने काहीच नाही.

रुक्साना मणियार भेटली ती जनावरांच्या दवाखान्यात.
मी शेजारच्यांचं मांजर घेऊन बसले होते.
ती औषधाची बाटली उजेडात धरून
मात्रा मोजत होती. एकदा. पुन्हा. पुन्हा एकदा.
छापखान्यात आम्ही दोनदाच मोजतो.

वय सत्तावीस. आजोबांचा टांगा स्टेशनबाहेर उभा असायचा म्हणे.
गिरणाऱ्याच्या वाटेवर पत्र्याचा तबेला,
तीन जनावरं, एक लंगडा कुत्रा, पाटी नाही.
किती दिवसांत येईल मला?
म्हणाली, ते पिठीला विचारा.

पिठी म्हणजे घोडी. एकोणीस वर्षांची,
पीठ सांडावं तसा रंग, डाव्या कानाला खाच.
लगाम लाल नव्हता,
निळ्या नायलॉनच्या दोरीनं सांधलेला होता.

पहिले सहा दिवस तिनं मला वर बसूच दिलं नाही.
खरारा करा. खूर उचला, असा. खडा काढा.
मागून जाताना तिच्या अंगावर हात ठेवत जा,
कळू दे तिला, तुम्ही कुठं आहात.
(माझ्या मागून दिवसभर माणसं येतात जातात.)

सातव्या दिवशी विचारलं, भीती कशाची वाटते?
पडायची.
ती सगळ्यांनाच असते. दुसरी कोणती?
धरणावरून गार वारं येत होतं, थंडीनं नाक गळत होतं.
मी सांगितली.
ती इथं लिहीत नाही.
तिनं मान हलवली, तंग पुन्हा चाचपला
आणि म्हणाली, चला.

चार पावलांवर पिठी थांबली.
टाच लावली, चुचकारलं, ढिम्म.
काकू, तुम्ही श्वास धरलाय.
तिला वाटतं, पुढं काहीतरी आहे.

श्वास धरूनच तर नोट बघते मी,
फुंकरीनं कागद हलतो.
सोडला.
खालचं ऊबदार धूड एकदा हललं
आणि माझी कंबर त्याच्यासोबत गेली, न विचारता.

दोष आहेत तिच्यात, सांगते ना.
वेळेवर येत नाही, सुटे पैसे कधीच नसतात,
पिठीला गूळ जास्त देते.
आणि फेब्रुवारीत मी पडले तेव्हा
रुक्साना आधी घोडीकडे धावली.
चारही पाय हातानं तपासले,
मग माझ्याकडे वळली.
मी शेणमातीत बसून बघत होते,
गुडघा सोललेला, दोन्ही कोपरं जळत होती,
आणि शोधणं तिथं संपलं.

घरी गुडघ्याचं विचारलं,
म्हटलं, छापखान्याच्या जिन्यावर.
अजून दुडकीच चालते आम्ही दोघी.
भरधाव म्हणून कुणी काही म्हणालेलं नाही.